वीस वर्षं झोपलेला रिप आणि आपण गाळलेली पाटी



इंग्रजी आणि अमेरिकन साहित्यातल्या जुन्या, छोट्या कथा आपल्या मुलांपर्यंत पोचतात त्या बहुतेक वेळा संक्षिप्त रूपात. दोन पानं मजकूर, तीन चित्रं, खाली पाच प्रश्न आणि शेवटी ठळक अक्षरात तात्पर्य. त्यातलीच एक आज घेऊया : ‘रिप व्हॅन विंकल’. डोंगरात जाऊन वीस वर्षं झोपून राहिलेला माणूस. तुम्हीही ही गोष्ट लहानपणी कुठेतरी वाचली असेल.

मी ती पहिल्यांदा वर्गात सांगितली तेव्हा नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. पाचवीचा वर्ग. माझ्याकडे तेच दोन पानी रूप होतं. मी सांगितलं, आळशी रिप होता, बायको ओरडायची, तो डोंगरात गेला, काहीतरी प्यायला, झोपला, उठला तर दाढी हातभर वाढलेली. तात्पर्य, आळस हा माणसाचा शत्रू आहे. फळ्यावर लिहिलंसुद्धा. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, तो झोपला होता तेव्हा गावात काय झालं?”

मी म्हटलं, “काही नाही रे, सगळे म्हातारे झाले.”

ते उत्तर साफ चुकीचं होतं. मूळ कथा मी वाचलेलीच नव्हती. डी.एड.ला गोष्ट सांगण्याच्या पद्धती शिकलो, आवाजातले चढउतार शिकलो, पण सांगायच्या आधी मूळ पुस्तक उघडून बघावं ही सवय काही लागली नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत शब्दकोश घेऊन बसले आणि कथा पूर्ण वाचली. वीस-पंचवीस पानांची आहे. तेव्हा कळलं की रिप झोपला होता त्या वीस वर्षांत गावाचा राजा गेला, लढाई झाली, देश स्वतंत्र झाला आणि गावात निवडणूक सुरू झाली. मी मात्र वर्गाला “काही नाही” म्हणून सांगून बसले होते.

आता मूळ कथा काय आहे ते जरा सविस्तर बघू.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वरच्या बाजूला हडसन नदीच्या काठाने कॅट्सकिल नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी डच लोकांनी वसवलेलं एक जुनं खेडं. काळ असा की अमेरिकेवर अजून इंग्लंडच्या राजाचं राज्य आहे. गावात एक सराई आहे, तिच्यासमोर मोठं झाड, झाडाखाली बाक. आपल्याकडच्या पारासारखीच जागा समजा. सराईच्या पाटीवर राजा तिसरा जॉर्ज याचं चित्र, लाल कोट घातलेलं. तिथे गावातली रिकामी मंडळी दिवसभर बसणार. सराईचा मालक निकोलस व्हेडर एक शब्द न बोलता नुसता पाइप ओढणार. तो धूर कसा सोडतो त्यावरून त्याचं मत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं! आणि गावचा शाळामास्तर डेरिक व्हॅन बमेल कुणा वाटसरूकडून मिळालेलं जुनं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणार. मग कित्येक महिन्यांपूर्वी होऊन गेलेल्या घटनांवर सगळे गंभीरपणे चर्चा करणार. (शाळामास्तरांचं वर्णन वाचताना मला आपल्यातलेच दोन-तीन जण आठवले. नावं सांगत नाही.)

या मंडळीत आपला रिप. मूळ कथेतला रिप सरसकट आळशी नाही, ही पहिली गोष्ट लक्षात घ्या. तो दिवसभर नदीवर गळ टाकून बसू शकतो, खांद्यावर बंदूक टाकून खारींच्या मागे मैलोन् मैल चालू शकतो, शेजाऱ्याचं दगडी कुंपण रचून देतो, गावातल्या बायकांचे निरोप पोचवतो, मुलांना पतंग आणि गोट्या करून देतो. त्याचा कंटाळा एकाच कामाचा आहे, स्वतःच्या घरचं काम. त्याच्या शेताचं कुंपण पडतंय, गाय कोबीत शिरतेय, तण माजलंय. त्याचा मुलगा बापाची जुनी ढगळ विजार एका हाताने वर धरून हिंडतोय. असा माणूस आपल्या प्रत्येक गावात असतो. दुसऱ्याच्या लग्नात राबणारा आणि स्वतःच्या घराचं गळकं छप्पर न शिवणारा.

एके दिवशी बायकोच्या बोलण्याला कंटाळून तो वुल्फ नावाच्या आपल्या कुत्र्याला घेऊन डोंगरात जातो. संध्याकाळी एक विचित्र, जुन्या पद्धतीचे कपडे घातलेला माणूस दारूचं पिंप खांद्यावर घेऊन चढताना दिसतो. रिप स्वभावाप्रमाणे मदतीला धावतो. वर एका घळीत तसलीच माणसं खेळत असतात. नऊ लाकडी खुंट उभे करून लांबून चेंडू घरंगळत आणून पाडायचे, असा तो खेळ. कुणी हसत नाही, बोलत नाही. फक्त चेंडू घरंगळला की डोंगरात ढग गडगडल्यासारखा आवाज घुमतो. इथे मी मुलांना थांबून विचारते, आपल्याकडे ढग गडगडले की आजी काय म्हणते? अर्धा वर्ग ओरडतो, “म्हातारी हरभरे भरडते!” कॅट्सकिलच्या डच लोकांकडे म्हातारीऐवजी खलाशी आहेत, एवढाच फरक. हेंड्रिक हडसन हा खरा दर्यावर्दी होता. १६०९ मध्ये तो डचांच्या ‘हाफ मून’ नावाच्या जहाजातून त्या नदीत शिरला, म्हणून नदीला त्याचं नाव. कथेत असं आहे की दर वीस वर्षांनी तो आपल्या खलाशांसह डोंगरात येतो आणि त्यांचा हा खेळ चालतो.

रिप चोरून त्यांच्या पेयाचा एक घोट घेतो, मग दुसरा, आणि झोपतो.

उठतो तेव्हा सकाळ. बंदूक गंजलेली, वुल्फ नाही, सांधे धरलेले. गावात येतो तर एकही ओळखीचा चेहरा नाही. लोक त्याच्याकडे बघून हनुवटी चोळतात, म्हणून तोही चोळतो, तेव्हा त्याला कळतं की दाढी फूटभर वाढलीये. घराचं छप्पर कोसळलेलं. आता तो जातो सराईकडे, आणि इथेच कथेचं मर्म आहे.

सराई नाहीच. त्या जागी मोडकळीला आलेलं मोठं हॉटेल, मालक भलताच. झाडाच्या जागी उंच खांब, त्यावर चांदण्या आणि पट्टे असलेलं कसलंसं निशाण. पाटीवर मात्र राजा जॉर्जचा तोच लालबुंद चेहरा त्याला ओळखू येतो. पण लाल कोटाचा निळा झालाय, हातात राजदंडाऐवजी तलवार आलीये, डोक्यावर टोपी चढलीये आणि खाली लिहिलंय जनरल वॉशिंग्टन.

चेहरा तोच, कोट वेगळा, नाव वेगळं! चितारी बहुधा काटकसरी असावा. हा विनोद आहे, आणि नुसता विनोद नाही. लेखक हळूच विचारतोय की राज्य बदललं म्हणजे नेमकं काय बदललं? पाचवीच्या मुलांना हा प्रश्न झेपत नाही असं वाटत असेल तर तसं नाही. माझ्या वर्गातली मुलं म्हणाली, “मॅडम, निवडणूक झाली की आमच्या गावात बोर्डावर नुसती नावं बदलतात, पोल तोच असतो.” यावर मी काहीच बोलले नाही.

हॉटेलासमोर गर्दी आहे, कारण निवडणुकीचा दिवस आहे. कुणी रिपला बाजूला घेऊन विचारतो, मत कोणाला दिलं? दुसरा टाचा उंच करून कानात विचारतो, तू फेडरल की डेमोक्रॅट? बिचाऱ्याला एक शब्द कळत नाही. मग एक टोपीवाले प्रतिष्ठित गृहस्थ दरडावतात, तेव्हा तो सांगतो की मी इथलाच एक गरीब माणूस, राजाचा इमानी प्रजाजन. झालं! लोक ओरडतात, हेर आहे, पकडा याला. काल रात्रीपर्यंत जे वाक्य सभ्य माणसाचं होतं, तेच आज गुन्हा झालं. आणि त्याच्या दृष्टीने मध्ये फक्त एक रात्र गेलीये.

तो मित्रांची चौकशी करतो. निकोलस व्हेडर? मरून अठरा वर्षं झाली. दुसरा एक मित्र लढाईच्या सुरुवातीलाच फौजेत गेला, कुणी म्हणतं स्टोनी पॉइंटला मारला गेला, कुणी म्हणतं नदीत बुडाला. आणि शाळामास्तर? तोही लढाईवर गेला, मोठा सेनानी झाला, आता काँग्रेसमध्ये आहे. (मुलांना इथे सांगावं लागतं की ही काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद. नाहीतर घोटाळा होतो. माझ्या वर्गात झालाच.) शेवटी रिप कासावीस होऊन विचारतो, इथे कुणी रिप व्हॅन विंकलला ओळखतं का? लोक म्हणतात, ओळखतो की, तो बघा झाडाला टेकून उभा आहे. आणि तिथे हुबेहूब त्याच्यासारखाच दिसणारा, त्याच्यासारखाच ऐदी तरुण उभा असतो. तो त्याचा मुलगा. पण त्या क्षणी रिपला स्वतःचीच खात्री वाटेनाशी होते. आपण आपण आहोत की दुसरंच कुणी?

पुढे कडेवर मूल घेतलेली मुलगी भेटते, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस ओळख पटवतो आणि मुलगी रिपला घरी नेते.

कथेत सालं दिलेली नाहीत, पण मुलांकडून काढून घेता येतात. अमेरिकेची लढाई सुरू झाली १७७५ ला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६, इंग्लंडशी तह १७८३, जॉर्ज वॉशिंग्टन पहिला अध्यक्ष झाला १७८९ ला. स्टोनी पॉइंटची लढाईही खरी आहे, १७७९ ची. झोपताना राजाची पाटी आहे आणि उठताना पक्षांची भांडणं, म्हणजे साधारण १७७० नंतर लगेच झोपला आणि १७९० नंतर उठला. व्हेडरला जाऊन अठरा वर्षं झाली, तर रिप झोपल्यावर किती वर्षांनी तो गेला? गणिताचा तास वेगळा घ्यायची गरज नाही.

हे सगळं गाळून ‘माणूस झोपला, उठला, दाढी वाढली’ एवढंच उरलं, तर ती गोष्ट या लेखकाची राहतच नाही, आणि हे मी उगाच म्हणत नाही. जर्मनीत पीटर क्लाउस नावाच्या गुराख्याची एक जुनी लोककथा आहे. १८०० साली ती छापून आली होती. तोही डोंगरात जातो, तिथे सरदार मंडळी खुंट पाडायचा तोच खेळ खेळत असतात, तो त्यांचं मद्य पितो, वीस वर्षं झोपतो, दाढी वाढते, गावात परत येतो, मुलगी भेटते. म्हणजे गोष्टीचा सांगाडा तिथलाच, आणि त्यावरून लेखकावर उचलेगिरीचा आरोपही झाला. मग त्याने स्वतःचं काय घातलं? घरात राबणारी आणि भांडणारी बायको, सराईवरची ती मंडळी, पाटी, निवडणूक, आणि एका रात्रीत परका झालेला देश. आपली संक्षिप्त पुस्तकं बरोबर तेच कापतात. आपण मुलांना रिपचं नाव सांगतो आणि पीटर क्लाउसची गोष्ट सांगतो. दीर्घ झोपेच्या गोष्टी काय, आपल्याकडेही आहेत. भागवतातला मुचुकुंद राजा गुहेत युगानुयुगं झोपतो आणि उठतो तेव्हा माणसंसुद्धा आकाराने लहान झालेली असतात. पण तिथे कुणी त्याला मत कोणाला दिलं असं विचारत नाही.

आता रिपच्या बायकोबद्दल. कथेत तिला कजाग म्हणून रंगवलंय आणि वाचकाने हसावं अशी लेखकाची अपेक्षा आहे. वीस वर्षांनी आल्यावर रिपला राजा गेल्याचं सुख-दुःख नाही, बायकोच्या कटकटीतून सुटलो एवढाच त्याचा स्वातंत्र्योत्सव. हा त्या काळचा विनोद. तो लपवू नका, पण त्याच्या मागे जरूर जा. माझ्या वर्गात मी मुलांना एक प्रश्न देते : रिप गेल्यावर घर कोणी चालवलं? कथा नीट वाचली तर मुलगी सांगते की आई अगदी अलीकडे वारली. म्हणजे ती बाई जवळजवळ वीस वर्षं, त्यात लढाईची वर्षंही आली, दोन मुलं घेऊन त्याच गावात राहिली. नवरा मेला की पळाला हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. आणि एवढं करून कथेत तिला स्वतःचं नावसुद्धा नाही, ती फक्त ‘व्हॅन विंकल बाई’ आहे. पुढे नाटकवाल्यांनी तिला ग्रेटशेन असं नाव दिलं. मी मुलींना आणि मुलांनाही सांगते, तिच्या बाजूने पाच वाक्यं लिहा. मुलं फार मन लावून लिहितात. एकाने लिहिलं होतं, “मी ओरडत होते कारण गाय कोबी खात होती.” मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचलं नसतं.

लेखकाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय कथा अर्धी राहते. वॉशिंग्टन अर्व्हिंगचा जन्म १७८३ चा, न्यूयॉर्कचा. ज्या वर्षी तह झाला त्याच वर्षीचा, आणि आईवडिलांनी नाव ठेवलं जनरल वॉशिंग्टनच्या नावावरून. १८१५ मध्ये तो इंग्लंडला गेला. तिथे घरचा व्यापार होता तो बुडाला, १८१८ मध्ये दिवाळं निघालं. पस्तिशीचा माणूस, हाताला काम नाही, परक्या देशात. बर्मिंगहॅमला बहिणीच्या घरी राहत असताना मेहुण्याबरोबर जुन्या दिवसांच्या गप्पा निघाल्या आणि त्यातून ही कथा लिहून झाली, असं सांगतात. ‘स्केच बुक’ या पुस्तकाच्या पहिल्या भागात ती १८१९ ला छापली गेली. अमेरिकेच्या डोंगरातली इतकी अमेरिकन कथा लिहिली गेली इंग्लंडमध्ये, आणि तोवर कॅट्सकिलच्या डोंगरात त्याने पाऊलही ठेवलं नव्हतं. लहानपणी नदीतून जाताना लांबून निळे डोंगर दिसले होते तेवढेच. अमेरिकन माणसाने लिहिलेलं पुस्तक कोण वाचतो, असं इंग्रज टीकाकार तेव्हा उघड विचारत होते. या पुस्तकाने इंग्लंडमध्येही वाचक मिळवले. स्वतः अर्व्हिंग मायदेशी परतला १८३२ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. रिपच्या हिशोबात तीनच वर्षं कमी!

ही कथा झाली की जोडीला मी चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ थोडक्यात सांगते. १८४३ ची, इंग्लंडची, आणि डिकन्सला अर्व्हिंग फार आवडायचा. तिथे कंजूष स्क्रूज एका रात्रीत बदलतो, पण सकाळी खिडकी उघडतो तर लंडन तेच आहे. इथे जग पार बदलतं आणि रिप तसाच राहतो, परत बाकावर जाऊन बसतो. दोन्ही एकत्र सांगितल्या की मुलं आपणहून तुलना करतात, फारसं काही शिकवावं लागत नाही. मात्र स्क्रूजला वेगळा तास द्या, तो या लेखात मावणार नाही.

वर्गात घेताना दोन तासिका लागतात. पहिल्या तासाला झोपेपर्यंत यायचं आणि थांबायचं. त्या दिवशी मुलांना घरी विचारायला सांगायचं : वीस वर्षांपूर्वी आपल्या गावात काय नव्हतं? दुसऱ्या दिवशी मुलं मोबाइल, पाण्याची टाकी, डांबरी रस्ता, कुणाचं तरी दुकान असं काय काय घेऊन येतात, आणि मग रिपला गावात आणायचं. पाटीचं चित्र फळ्यावर काढा, आधी राजा, मग तोच चेहरा ठेवून फक्त कोट आणि नाव बदला. चित्र वाईट आलं तरी चालतं, माझं दरवेळी वाईटच येतं. मद्याचा उल्लेख आला म्हणून पालकांनी घाबरू नये, ‘जादूचं पेय’ म्हटलं तरी कथेचं काही बिघडत नाही. पाटी आणि निवडणूक मात्र गाळू नका. मूळ इंग्रजी कथेवर आता कुणाचा हक्क नाही, त्यामुळे ती नेटवर मोफत आणि कायदेशीर मिळते. वाक्यं लांबलचक आहेत, पहिली चार पानं जड जातील, पण थांबू नका.

एक प्रसंग सांगते. एका वर्षी वर्गात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातली एक मुलगी होती. दिवाळीनंतर गेलेली, उन्हाळ्याच्या तोंडावर परत आली. रिप सराईसमोर उभा आहे आणि त्याला कुणी ओळखत नाही, तिथवर मी आले तेव्हा ती पटकन म्हणाली, “मॅडम, त्याला बसायला जागा तरी दिली का?” मी बघितलं तर तिच्या जुन्या जागेवर दुसरी मुलगी बसत होती आणि ही चार दिवस दाराजवळ एकटी बसत होती. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मधल्या सुट्टीत बाकं हलवली.

आणि कुत्र्याचं काय झालं, हे मुलं विचारणारच. मूळ कथेत मुलगी सांगते की वुल्फ त्या वेळी एकटाच घरी परत आला होता. त्यानंतर त्याच्याबद्दल काही नाही. पडक्या घराजवळ वुल्फसारखं दिसणारं एक उपाशी कुत्रं रिपवर गुरगुरतं, पण तो वुल्फ असणं शक्य नाही, वीस वर्षं कुत्रं जगत नाही. हे मी वर्गात नीट समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात एक पालक भेटल्या, म्हणाल्या, “आमच्या पोराने रात्री गोष्ट सांगितली, त्यात कुत्रा पण वीस वर्षं झोपलेला असतो आणि दोघं मिळून घरी येतात. असंच आहे ना मॅडम?” रिप स्वतःसुद्धा हॉटेलात येणाऱ्या प्रत्येकाला गोष्ट सांगताना सुरुवातीला दर वेळी थोडी बदलायचा, असं अर्व्हिंगनेच लिहून ठेवलंय. म्हणून मी म्हटलं, “हो, तसंही सांगतात.”